बर्फ्याभाऊंचा बोर्ड

लालबागच्या आमच्या चाळीत एका खोलीत दहा माणसं कुशीवर झोपायची. एकाने कूस बदलली की दहाही जणांना बदलावी लागे. अशा चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, विश्राम राऊळ यांच्या भिंतीवर साडेसहा फुटी दोन फळ्या टांगलेल्या असत. पाहुणा हमखास विचारी, "होडीची वल्ही काय ही?" मग राऊळ, म्हणजे सगळ्या चाळीचे बर्फ्याभाऊ, छाती फुगवून सांगत, "स्की म्हणतात याला. यावर उभा राहून मी हिमालय उतरलोय. पगारी!"

माझ्या बोलण्यातलं निम्मं तुम्ही खुशाल सोडून द्या, पण हे खरं होतं. गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवणाऱ्या बापाचा हा मुलगा फौजेत गेला, बर्फावर घसरायला शिकला, फौजेकडून शर्यती मारल्या आणि मग फौज सोडून पगारावर शर्यती खेळला, साहेबलोकांना शिकवू लागला. आमच्या वस्तीत घसरणारे ढिगाने होते. घसरण्याचा पगार घेणारा हा एकच. मासळीवाली पारूमावशी तर त्यांच्याकडे पाटीसाठी बर्फ मागायची.

गुडघा मोडला तसे ते चाळीत परतले आणि लिहायला लागले. "दोन्ही धंदे एकच रे," म्हणायचे, "लिहिताना थंडी वाजत नाही एवढंच." कबड्डीच्या मैदानात भोंग्यावर त्यांनी असं समालोचन केलं की पकडलेला गडी सुटायचं विसरून ऐकत पडला. संध्याकाळच्या एका पेपरात ते खेळाच्या बातम्या लिहीत. तिथली पाककृतीवाली बाई सोडून गेली, तर तिचं नाव घेऊन यांनी दोन वर्षं पाककृती लिहिल्या आणि अर्ध्या दादरची पोटं बिघडवली. पुढे रेडिओ, पुढे टीव्ही. पण त्यांचं सगळ्यात वाचलं जाणारं लिखाण आमच्या जिन्याखालच्या काळ्या फळ्यावर असे. त्याला आम्ही बोर्ड म्हणायचो. पेपरातून आले की खडू घेऊन ते उद्याची बातमी आजच तिथे लिहीत. पंतप्रधानांना कळायच्या आधी आमच्या पारूमावशीला कळायचं.

बर्फावरचा एक नियम ते येता-जाता ऐकवत. "उतार आधी आपल्या पायाने बघायचा, मग मागच्याला हाक मारायची. पुढचा चुकला तर एक जातो. पुढचा खोटं बोलला तर रांग जाते."

मग गिरण्यांचा संप आला. पहिल्या महिन्यात घोषणा, तिसऱ्यात उधारी, सहाव्यात बायकांच्या गळ्यात फक्त काळे मणी. माझे वडील, आबा, साचेखात्यात वीस वर्षं कापड विणत होते. ते दिवसभर गॅलरीत बसून रिकामी बोटं हलवत; दिसत नसलेला धागा सांधत असावेत.

दसरा आला. एरवी त्या दिवशी गिरणीत साच्यांना झेंडूचे हार पडत. त्या वर्षी फाटकाला कुलूप होतं. आख्ख्या चाळीत हत्यारं म्हणून पुजलेली होती ती बर्फ्याभाऊंची स्की. त्यांनी मेणबत्ती घासून ती चकचकीत केली होती, वर हार घातला होता. आबा हात जोडून आत गेले. मागोमाग तिघं आले, मग दहा, मग जिन्यापर्यंत रांग. ज्यांनी जन्मात बर्फाचा गोळा सोडून बर्फ पाहिला नव्हता, ते गिरणी कामगार त्या फळ्यांना नमस्कार करत होते. बर्फ्याभाऊ कोपऱ्यात उभे राहून एकेकाचं तोंड बघत होते.

संध्याकाळी बोर्डावर अक्षरं उमटली : "दिवाळीच्या आत संप मिटणार. खात्रीलायक."

चाळीने पेढे वाटले, उधारीवर. आमच्याकडे त्याच वेळी मामा बसला होता. हिंदमाताच्या एका साडीच्या दुकानात त्याने आबांसाठी विक्रेत्याची जागा धरून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. आई म्हणाली, "जावा. लुगडी दाखवूक लाज कसली?" आबांनी खाली बोर्डाकडे बोट दाखवलं. "वीस दिसांनी माझो साचो सुरू होतलो. इणणारो माणूस घड्यो घालूक कित्याक जाईत?"

दिवाळी आली. संप मिटला नाही. तो अजून मिटायचा आहे. जागा दुसऱ्याला गेली. पुढे त्याच दुकानात आबांना काम मिळालं, पण आतलं नाही. फुटपाथवर उभं राहून गिऱ्हाईक बोलवायचं. जो माणूस घरात पाणीसुद्धा खुणेने मागे, तो अठरा वर्षं ओरडला, "या ताई, या, बघायला पैसे नाहीत!"

त्या दिवाळीनंतर आबांनी बर्फ्याभाऊंना जिन्यात गाठलं. मी मागेच होतो.

"ती बातमी खंयसून इल्ली?"

"खंयसूनच नाय, आबा. तुमची तोंडां बघून लिवलंय."

"मगे पेपरात ती कित्याक नाय छापलंस?"

"पेपरात पुरावो लागता."

"आणि आमच्या बोर्डाक?"

बर्फ्याभाऊ दुखरा गुडघा धरून पायरीवर बसले. आबा त्यांना वळसा घालून वर गेले. शिवी नाही, हात नाही. दिली असती शिवी तर बरं झालं असतं.

त्यानंतर बर्फ्याभाऊ टीव्हीवर दिसले, बर्फावर पुस्तक लिहिलं, दादरला हार-नारळ झाले. पुस्तकात तो उताराचा नियम पहिल्याच पानावर आहे. आबांनी तेवढंच पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "लिवलां बरां हा." बोर्डावर मात्र भाऊंनी परत बातमी लिहिली नाही, फक्त कोण वारलं ते. तेही लोक वर जाऊन बघितल्याशिवाय मानत नसत. चाळीत म्हणच पडली होती : बोर्ड वाच, पण जिना चढ.

आबा गेले तेव्हा भाऊ लंगडत वर आले. डॉक्टरने कागद दिला होता, तरी त्यांनी आबांची नाडी धरली, नाकाशी बोट नेलं, पुन्हा नाडी धरली. मी म्हणालो, "भाऊ, सगळं संपलंय." ते म्हणाले, "मला बघू दे रे. लिहायचंय मला." मग खाली जाऊन त्यांनी आबांचं नाव लिहिलं आणि पुढे एकच शब्द : विणकर.

भाऊ गेले तेव्हा खडू माझ्या हातात आला. लिहिलं, "विश्राम राऊळ यांचे निधन." पुढे कोणता शब्द लिहावा ते सुचलं नाही, सुचले ते लिहिण्यासारखे नव्हते. वर येऊन त्यांच्या उशाशी बसलो. जिन्यावर पावलं वाजायला लागली. चाळीतलं एकेक माणूस बोर्ड वाचून वर येत होतं, दारात थांबत होतं आणि हात जोडायच्या आधी वाकून त्यांची छाती हलते का ते बघत होतं.