सरबताच्या बाटलीतलं विहिरीचं पाणी

गंगाराम,

हे वाचताना मधे मधे "पण बाई" म्हणू नकोस. तुझी ती खोड शाळेपासूनची. म्हणून तुझी हकीकत तुलाच परक्याची असल्यासारखी सांगते, आणि माझीही. मुकाट्याने ऐक.

गंगाराम शिवलकर हा रत्नागिरीतला ड्राफ्ट्समन. दिवसा एका इंजिनियरच्या ऑफिसात नकाशे काढायचे, संध्याकाळी घरी ओळखीपाळखीच्यांची कामं करायची. आळी त्याला 'पुस्तकवाला' म्हणे, कारण काँक्रीटच्या कामाच्या नियमांचं पुस्तक, ज्याला ही मंडळी कोड म्हणतात, ते त्याच्याकडे स्वतःचं होतं. अठ्ठ्याहत्तरची आवृत्ती, भावाकरवी मुंबईहून आणवलेली. नियमात दुरुस्ती झाली की छापील चिठ्ठी निघायची. ती मिळवून हा त्या त्या पानावर खळीने डकवायचा. खळीत मोरचूद, कसर लागू नये म्हणून. त्याच्या लग्नाच्या फोटोंना बुरशी आली, पुस्तकाला कधी नाही.

कुसुमबाईंनी त्याला शाळेत गणित शिकवलं होतं. त्र्याऐंशी साली त्या निवृत्त होऊन महिला मंडळाच्या चिटणीस झाल्या होत्या. समुद्राच्या बाजूला मंडळाची बालवाडी होती. तिची कौलं उतरवून स्लॅब घालायचा होता, तोही पावसाच्या आत, नाहीतर चाळीस पोरं कुठे बसवायची?

"किती दिवस लागतील रे?" बाईंनी विचारलं.

"पुस्तक बघून सांगतो, बाई."

"एवढ्या वर्षांत पाठ नाही झालं?"

"पाठ आहे म्हणूनच बघतो. पाठ आहे ते चौसष्टच्या आवृत्तीतलं आहे."

झालं! तीन आठवडे पुस्तक बघण्यात गेले. नकाशा एकदाचा हातात आला आणि चौथ्या दिवशी स्वारी तो परत न्यायला दारात हजर. समुद्र जवळ आहे, खारी हवा सळई खाते, तेव्हा सळईखालचा काँक्रीटचा थर दीड सेंटीमीटर पुरणार नाही, चार पाहिजे. रघू गवंडी हसून हसून बेजार झाला. "वायच गोधडी पण घाला की सळईला! आमी आजवर खडी सारतो खाली, कोणाचा स्लॅब पडला?"

पण खडी गंगारामला चालेना. सळईखाली ठेवायला मापाचे सिमेंटचे ठोकळे हवेत. बालवाडी सांभाळणाऱ्या विमलाने ते बसून पाडले, रोज पाणी शिंपडून पक्के केले, आणि ह्या गृहस्थाने पट्टी लावून त्यातले एकतीस बाद केले. विमला रडायची बाकी राहिली. बाई त्या दिवशी त्याला जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.

मे उजाडला. वाळू आली, सळई बांधून झाली, आणि गंगाराम विहिरीपाशी उभा.

"आता काय?"

"वैशाखात हिचं पाणी मचूळ होतं, बाई. पाण्यात मीठ असेल तर आतून गंज चढतो. पुस्तकात आहे, तपासून घ्यावं."

"सगळी आळी ह्याच पाण्याचा चहा पिते!"

"चहात सळई नसते, बाई."

त्याने कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरलं, बुचावर मेण ओतलं आणि बाटली बाईंच्या पिशवीत ठेवली. बाईंचा जुना विद्यार्थी भास्कर कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत होता. त्याच्याकडून तपासून आणायचं, एवढंच काम. बाई गेल्या. भास्कर लग्नाला देवरूखला गेलेला, सोमवारी येणार. इकडे रघू सांगत होता, उद्या स्लॅब नाही तर मी चाललो दापोलीला, पावसानंतर बघू. बाई कॉलेजच्या फाटकातूनच मागे फिरल्या. आभाळ, गवंडी आणि पुस्तक, तिघांचा त्यांना वीट आला होता.

"काय म्हणाला भास्कर?" गंगारामने विचारलं.

"चांगलं आहे म्हणाला. ओता आता."

सिमेंटच्या गोणीपासून खिळ्यापर्यंत प्रत्येकाकडे कागद मागणारा हा माणूस. बाईंकडे त्याने कागद मागितला नाही. पुस्तकातल्या पाण्याच्या नियमाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं, "पाणी ठीक. कु. बाई", आणि रघूला हाक मारली.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर बालवाडीच्या छतावर तांबूस रेघा उमटल्या. मग एक पोपडा सुटून एका पोरीच्या पाटीवर पडला. गंगारामने हातोडीने ठोकून पाहिलं, त्याच दुपारी टेकू लावले, पोरांना देवळाच्या सभामंडपात हलवलं. मंडळाच्या बैठकीत कोणी विचारायच्या आधीच उठून म्हणाला, "हिशोब माझा होता. चूक माझीच असणार." बाहेर रघू होताच. "काय वो पुस्तकवाले, पुस्तकाला गंज चढला काय?"

दुसऱ्या दिवशी तो बाईंच्या पडवीत पुस्तक घेऊन बसला. एकेक पान उलटत, चिकटवलेली एकेक चिठ्ठी बोटाने दाबत. "थर बरोबर. सळई बरोबर. ठोकळे मी स्वतः मोजले. पाणी तुम्ही तपासून आणलंत. मग राहिलं काय, बाई?"

"चहा घेतोस?" बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्याने बाहेरची कामं सोडली. लोक आता नकाशाला दुसरीकडे जातात, आणि हा रोज संध्याकाळी आपली चूक शोधत तेच पुस्तक वाचत बसतो.

शोधू नकोस, गंगाराम. त्यात नाही ती. बाटली माझ्या फडताळात लोणच्याच्या बरणीमागे आहे, तुझं मेण जसंच्या तसं. भास्कर अजून तिथेच नोकरीला आहे. कॉलेज माझ्या दारापासून बारा मिनिटांवर. आज सकाळी ती पिशवीत घालून निघाले होते. कोपऱ्यावर मासळी घेतली आणि परत आले.