कुंड्यांखालचा बगळा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींना अख्खी इमारत मागून ‘ओळंबा’ म्हणते. ओळंबा म्हणजे गवंड्याच्या दोरीला लटकणारं ते वजन, भिंत सरळ आहे की नाही हे सांगणारं. वहिनीही सांगतात. जिन्यातून जाताना तुमच्या दारावरची पाटी कललेली दिसली तर त्या थांबतात, ती सरळ करतात आणि मग बेल वाजवून ती वाकडी होती हे तुम्हाला कळवतात. माझ्या चष्म्याची डावी काडी जरा वर आहे हे मला त्यांच्याकडूनच कळलं. सून बिचारी पडदा लावते आणि तिथेच उभी राहते, कारण ‘अर्धं बोट खाली’ हे ऐकल्याशिवाय पडदा लावून झाला असं त्या घरात होत नाही.

हे त्यांच्या हातात कामातून आलं. शहराच्या मधल्या चौकात, कारंज्याभोवती, फरशीत रंगीत दगडी तुकड्यांचे बारा बगळे आहेत. एकामागून एक, कारंज्याला फेरी घालणारे. चित्र एका चित्रकाराचं, पण तुकडे निवडून, पक्कडीने तोडून कागदावर चिकटवले ते वहिनींनी, आणि चौकात बसवले ते त्यांच्या नवऱ्याने, आमच्या भाऊंनी. तेव्हा त्यांचं लग्न नुकतंच झालं होतं.

ही पद्धत वहिनींनी मला चहा पिताना इतक्यांदा समजावली आहे की मी ती वर्गात शिकवू शकेन. चित्र काचेवर पालथं धरायचं, म्हणजे डावं उजवीकडे जातं. ते पालथं चित्र जाड कागदावर उतरवायचं. मग एकेक तुकडा तोंड खाली करून खळीने कागदावर चिकटवायचा. बसवणारा तो कागद उचलून ओल्या सिमेंटवर ठेवतो, तुकडे खाली, कागद वर. सिमेंट धरलं की कागद भिजवून सोलून काढायचा, आणि चित्र सुलटं होऊन वर येतं. म्हणजे उजवीकडे उडणारा बगळा चिकटवताना डावीकडे उडवावा लागतो. एवढं विसरलं की संपलं. कागद उलटा निघाला तर तो करणारी बाई दुसऱ्या दिवशी कामावर नसायची.

“माझ्या हातून एकही उलटा गेला नाही,” असं म्हणून वहिनी कप खाली ठेवत. कपाचा कान नेहमी उजवीकडे.

भाऊ पुढे त्याच चौकाच्या देखभालीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मितभाषी माणूस, डावखुरा, शर्टाच्या खिशात कायम पाना. वहिनी त्यांना अधूनमधून ऐकवत, “तुमचं आपलं अंदाजपंचे,” आणि ते मान डोलावत. मोठं भांडण मात्र एकच होतं, कुंड्यांचं. एका बगळ्यावर भाऊंनी चौक खुला झाला तेव्हापासूनच सिमेंटच्या दोन मोठ्या कुंड्या ठेवल्या होत्या. पाय आणि पंखाचं टोक तेवढं बाहेर. आम्ही तिघं चौकात फिरायला गेलो की ठरलेला संवाद सुरू होई.

“एवढ्या मोकळ्या चौकात तुम्हाला माझ्या बगळ्याचं डोकंच सापडलं का?”

“तिथे झाडांना ऊन चांगलं मिळतं.”

“आणि बाकीचा चौक तळघरात आहे?”

भाऊ हसत आणि झारी उचलत. फरशी धुवायला कुंड्या हलवल्या तरी संध्याकाळच्या आत ते स्वतः त्या जागेवर ठेवत. ते जाऊन तीन वर्षं झाली. कुंड्या तिथेच राहिल्या.

यंदा चौकाची दुरुस्ती निघाली. काम बघणारी इंजिनीअर मुलगी घरी आली. मूळ कामातलं कोणी उरलं असेल तर ते वहिनीच. चित्रकार गेला होता, मुकादम कधीच गेला होता. “आजी, एकदा नगरभवनाच्या टॉवरवर याल का? वरून बघून एक गोष्ट विचारायची आहे,” असं ती अदबीने म्हणाली. वहिनींनी इस्त्रीची साडी काढली. सून आणि मी सोबत.

टॉवरवर लिफ्ट जाते. इतकी वर्षं तो बंद होता, आता लोकांसाठी उघडलाय. वरून चौक ताटासारखा दिसत होता. बाकावर बसलेला पितळी म्हातारा, ज्याचं नाक लोकांनी हात लावून लावून चकचकीत केलंय. पोलादाचं ते प्रचंड कडं, ज्याला सगळं शहर ‘कानातलं’ म्हणतं आणि ज्याच्या जोडीतलं दुसरं कुठे हरवलं यावर अजून वाद आहेत. घड्याळाचा खांब.

“खांब कललाय,” वहिनी म्हणाल्या.

“सावली आहे ती, आजी.”

“सावली तरी सरळ पडायला काय झालं?”

सगळे हसलो. मग त्या कठड्याला टेकून बगळे मोजू लागल्या, बोटाने, हवेत. बोट मध्येच थांबलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं आणि पुन्हा तिथेच थांबलं.

“अहो बाई,” त्या मला म्हणाल्या, “तो कुठे चाललाय?”

मीही पाहिलं. दुरुस्तीसाठी कुंड्या काढल्या होत्या. अकरा बगळे कारंज्याभोवती एकाच दिशेने चालले होते आणि बारावा उलटा येत होता, मागून येणाऱ्याच्या चोचीसमोर चोच करून. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

वहिनींचा चेहरा आधी लाल झाला. “या माणसाने उलटा बसवला. बसवला आणि वर कुंड्या ठेवल्या. म्हणून ते ऊन! जन्मभर मला ऊन सांगितलं.”

“पण आई,” सून सहज बोलून गेली, “बाबांना उलटा बसवता कसा येईल? पालथा घातला तर कागदच सिमेंटात गेला असता ना.” आणि बोलल्याबरोबर तिने ओठ मिटले. तिनेही ती पद्धत चहाबरोबर हजारदा ऐकली होती.

वहिनी खाली बघत राहिल्या. “फिरवून बसवला असता,” त्या हळू म्हणाल्या, “तर पाय बाहेर गेले असते. पाय कारंज्याकडेच आहेत.” वारा होता, तो सुनेच्या ओढणीशी खेळत होता. “मग मी,” वहिनी म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरला. तो माझ्या हातात असूनही माझ्या हातात नव्हता.

इंजिनीअर मुलगी अवघडून गेली. “आजी, मला एवढंच विचारायचं होतं. हा मुद्दाम असा केलाय का? चूक असेल तर आता काढून सरळ बसवू. मुद्दाम असेल तर हातही लावणार नाही.”

“मुद्दामच असेल ना, आई?” सून म्हणाली. तिचा आवाज मी कधी इतका मऊ ऐकला नव्हता. अर्ध्या बोटाचा हिशेब चुकता करायची याहून चांगली संधी तिला मिळाली नसती, आणि तिने ती सोडून दिली. मलाही वाटलं, म्हणून टाका, वहिनी. एक शब्द. खोटं ठरवायला कोण उरलंय?

“खाली चला,” वहिनी म्हणाल्या.

लिफ्टमध्ये त्या आपल्या तळहातांकडे बघत होत्या. “त्या दिवशी काय झालं होतं ते आठवत नाही, बाई. आजारी नव्हते. कोणी बोललं नव्हतं. काही तरी व्हायला हवं होतं ना? नुसतंच कसं चुकेल?” माझ्या वर्गात मुलं अशी चुकतात, रोज. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

चौकात त्या बगळ्यापाशी गेल्या आणि इस्त्रीच्या साडीनिशी गुडघे टेकून खाली बसल्या. इतक्या वर्षांनी त्याचं डोकं त्यांनी जवळून पाहिलं. खरंच देखणा होता तो. त्यांनी बोटं चोचीवरून, मानेवरून, मग बाहेर पाण्याच्या निळ्या लाटांवरून नेली. कडेला बोटं अडली. त्या वाकल्या.

“हे तुकडे माझे नाहीत.”

आम्ही तिघी वाकलो. बगळ्याच्या चहूबाजूंनी वीतभर पट्टा होता, निळ्याच लाटांचा, आम्हाला बाकीच्यासारखाच दिसणारा.

“बघा, काप कुठे झुकलाय. डाव्या हाताची पक्कड आहे ही.” त्यांचा श्वास लागला होता. “बगळा उलटा निघाला म्हणजे लाटाही उलट्या निघाल्या. शेजारच्या लाटांना त्या जुळणारच नाहीत. त्याने कडेच्या सगळ्या काढल्या. दुसरे तुकडे तोडले आणि एकेक ओळ जोडून घेतली. मुकादम रोज संध्याकाळी जोड बघायला यायचा. म्हणजे त्याच दुपारी. एका दुपारात, उन्हात, एकट्याने.” त्या थांबल्या. “आणि जोड कुठे दिसत नाही. अंदाजपंचे म्हणायचे मी त्याला.”

पलीकडे कोणीतरी पितळी म्हाताऱ्याचं नाक पकडून फोटो काढत होतं.

“त्या संध्याकाळी घरी आला तेव्हा जेवला, झोपला. मी विचारलंसुद्धा असेल, कसे निघाले कागद म्हणून. छान, म्हणाला असेल.” त्यांनी पदर तोंडाला लावला, पण रडल्या नाहीत. डोळे कोरडे आणि मोठे झाले होते, पहिल्यांदा चुकलेल्या हुशार मुलीसारखे.

इंजिनीअर मुलगी शेजारी उकिडवी बसली. “आजी, काय लिहू?”

“चूक माझी,” वहिनी स्पष्ट म्हणाल्या. “काम करणारीने उलटा केला, असं लिही.”

“मग काढून सरळ...”

“थांब, माझं झालं नाही. चूक माझी, पण बसवणाऱ्याने मुद्दाम बसवला. जाणून, विचार करून, ओळ जुळवून. त्याचं काम काढायचा मला अधिकार नाही. राहू दे.”

मुलीने मान हलवली. मग कुंड्यांकडे बघितलं. त्या बाजूला, कानातल्याच्या सावलीत, मातीसकट ठेवल्या होत्या. “आणि या परत इथेच?”

वहिनी सुनेचा हात धरून उठल्या. साडीवर गुडघ्यांपाशी सिमेंटच्या धुळीचे दोन गोल उमटले होते, एक दुसऱ्याहून जरा वर. त्या झटकायला विसरल्या.

“नको,” त्या म्हणाल्या. “पुष्कळ झाकलं त्याने. दुसरीकडे कुठेही ठेवा, जिथे ऊन येतं तिथे.”