आजच्या प्रयोगात व्हेरोनिका स्टासियाक

रोनीला बरोबर घेऊन बाजारात जाणं म्हणजे डोक्याला ताप. नवव्या अॅव्हेन्यूवरच्या भाजीच्या दुकानात एका बाईने तिला कोबीचा गड्डा फेकून मारला, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. "सुनेच्या औषधात विष कालवतेस, सटवे? लाज नाही वाटत?" असं ती बाई भर दुकानात ओरडत होती. रोनी म्हणाली, "चुकलं हो बाई, पुन्हा नाही करणार." मग त्याच कोबीचे पैसे देऊन तो घरी घेऊन आली आणि मला त्याचं सूप करून घातलं.

टीव्हीवर रोज दुपारी थेट दाखवायच्या एका मालिकेत ती मिसेस हॅलोरन नावाची खाष्ट सासू करायची. कपडे इस्त्री करता करता अर्धी अमेरिका तिला शिव्या घालायची. प्रत्यक्षात ही बाई मुंगी चावली तर मुंगीलाच लागलं का विचारणारी. पण हे टीव्हीचं वैभव नंतरचं. मी तिला ओळखते ती ब्रॉडवेवर बदली नटी होती तेव्हापासून. मी रॉझ फेल्डस्टीन. आमच्या थिएटरात रंगमंचाची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती, आणि माझ्या शब्दाशिवाय तिथला पडदा हलत नसे.

बदली नटीचं जिणं मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही. मुख्य नटी आजारी पडलीच तर उभं राहायचं म्हणून सगळं नाटक पाठ करून ठेवायचं, रोज प्रयोगाच्या अर्धा तास आधी हजेरी लावायची आणि मग जिन्यावर विणकाम करत बसायचं. प्रयोग चालू असताना थिएटरपासून दहा मिनिटांपेक्षा लांब जायचं नाही, हा नियम. रोनीने सगळं आयुष्यच त्या दहा मिनिटांत बसवलं होतं. खोली तिथलीच, चर्च तिथलंच. एका भल्या माणसाने मागणी घातली, तर म्हणाली, "स्वभावाने चांगला आहे गं, पण नदीपलीकडे राहतो."

आणि नशीब पाहा, तिला मुख्य नटी मिळाली ती ऑगस्टा लॅथ्रोप. घोड्यासारखी तब्येत! आपल्या भूमिकेत दुसऱ्या कुणाच्या नावाची चिठ्ठी आजवर लागली नाही, याचा तिला कोण अभिमान. आमच्याकडे नट बदलला की कार्यक्रमपत्रिकेत एक चिठ्ठी घालतात, 'आजच्या प्रयोगात अमक्याऐवजी तमके', आणि दारापाशी पाटीही लावतात. चिठ्ठी हातात पडली की प्रेक्षक असे उसासे टाकतात, जणू कुणी गेलंच. लॅथ्रोपबाईंच्या नाटकात असा उसासा कुणी टाकला नव्हता. बरं, त्यांना जरा शिंक आली की रोनीच कोंबडीचं गरम सूप घेऊन पळायची.

"अगं मूर्ख बाई," मी म्हणायची, "सूप पाजून तिला ठणठणीत कोण करतं? तूच! मग काम कधी मिळायचं तुला?"

"मग काय खोकत ठेवू का त्यांना? तूही ना, रॉझ!"

तिचे वडील स्क्रॅन्टनला खाणकामगारांच्या वस्तीत बेकरी चालवायचे. पोलंडहून पोरवयात आलेला माणूस, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. बेकरीवरच्या पाटीतलं 'स्टासियाक' हे एकच नाव त्यांना वाचता यायचं. म्हणून तर एजंटांनी कानीकपाळी ओरडूनही रोनीने आडनाव बदललं नाही. "माझं नाव कधी लागलंच, तर ताताला वाचता यायला हवं," म्हणायची. फोनवर तिने एकदा "मी या नाटकात आहे" असं सांगितलं. म्हाताऱ्याने त्याचा अर्थ मुख्य भूमिका असा घेतला आणि प्रत्येक पावाबरोबर गिऱ्हाइकाला ती बातमी बांधून दिली. त्यांचा आनंद मोडायला हिची जीभ रेटेना.

पुढे म्हाताऱ्याच्या डोळ्यांत वडस वाढायला लागलं. "दिसतंय तोवर पोरीचं काम बघतो," म्हणत त्यांनी बुधवारच्या दुपारच्या प्रयोगाला यायचं ठरवलं. आठवडाभर रोनीने माझ्यामागे भुणभुण लावली.

"रॉझ, काय सांगू गं त्यांना? गावभर सांगून बसलेत. मी जिन्यावर विणत बसते, हे बघायला येणार का ते?"

पण देव कधीकधी ऐकतो. मंगळवारी लॅथ्रोपबाईंचा घसा पार बसला. डॉक्टरांनी दोन दिवस तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. मी चिठ्ठ्या छापायला टाकल्या, पाटी रंगवून घेतली आणि रोनीला मिठी मारली. ती माझ्या खांद्यावर रडली, हसली, पुन्हा रडली.

आणि बुधवारी सकाळी काय करावं या शहाणीने? सूप घेऊन लॅथ्रोपबाईंकडे गेली! मध दिला, वाफारा दिला. का, तर म्हणे त्यांची मोलकरीण सुट्टीवर आहे, एकट्या आहेत. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

प्रयोगाला अर्धा तास उरला असताना लॅथ्रोपबाई मागच्या दाराने आत आल्या. तोंडाला रंग नाही, केसांना रुमाल, अंगात जुना कोट. "रॉझ," म्हणाल्या, "आवाज आला परत. चिठ्ठ्या काढून टाका." आवाज खणखणीत होता. पडद्याआधी मुख्य नटी हजर झाली की भूमिका तिची. रोनी नटूनथटून तयार होती. तिने पोशाखाची बटणं काढायला घेतली. पण मला म्हणते कशी, "बरं झालं ना गं, त्यांचा घसा सुटला." मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिला पोटाशीही धरावंसं वाटलं.

तेवढ्यात दारावरचा माणूस धावत आला. "मॅडम, एक म्हातारा पाटी काढू देत नाहीये."

मी बाहेर गेले. लॅथ्रोपबाईही माझ्यामागून आल्या. लग्नातला काळा कोट घातलेला एक बुटका म्हातारा पाटीला पाठ लावून उभा होता. डोळे किलकिले, काखेत कागदात बांधलेला पाव.

"हात लावू नका," ते म्हणाले. "हे माझं नाव आहे. बेकरीवर आहे, तेच. माझी पोर आहे ती. का काढताय?"

लॅथ्रोपबाईंनी पाटीकडे पाहिलं, मग त्या म्हाताऱ्याच्या बोटाकडे. पीठ मळून भेगाळलेलं ते बोट अजून 'स्टासियाक'वर टेकलेलं होतं. मग पुढे होऊन त्यांनी पाटीला हात घातला.

"काढत नाहीये हो, आजोबा. वाकडी झाली होती, सरळ करतेय."

आत येताच त्या माझ्याकडे वळल्या आणि घोगरा आवाज काढून पुटपुटल्या, "रॉझ, घसा गेला बघ पुन्हा. एक अक्षर फुटत नाहीये."

चिठ्ठ्या राहिल्या. प्रेक्षकांनी उसासे टाकले. पडदा वर गेला.

खरं सांगते, पहिल्या अंकात रोनीने एक वाक्य गिळलं, आणि लॅथ्रोपबाईंची सर तिला आली नाही. पण शेवटच्या अंकात, घर सोडून निघालेल्या मुलीला आई रागावते त्या प्रवेशात, तिने जे केलं त्याने मी पडद्याचा इशारा द्यायलाच विसरले. ती माझी नोकरीतली पहिली चूक. मागच्या रांगेत लॅथ्रोपबाई रुमालात नाक शिंकरत होत्या.

प्रयोगानंतर रंगपटात म्हातारा लेकीचे हात धरून बसला होता. रोनी म्हणाली, "ताता, तुम्हाला एक खरं सांगायचंय—" आणि नेमक्या लॅथ्रोपबाई दारात उभ्या राहिल्या.

"अरे, पाटी सरळ करणारी पोरगी!" म्हातारा म्हणाला. "तू काय काम करतेस गं इथे?"

"मी तुमच्या लेकीची बदली नटी आहे, आजोबा," लॅथ्रोपबाई म्हणाल्या. "ऑगस्टा माझं नाव. ती आजारी पडली तर मी काम करायचं. पण पडेल तर ना! काय पाव खाऊ घातलात तिला लहानपणी, कोण जाणे."

रोनीने तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला.

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. काखेतला पाव त्याने मधोमध मोडला आणि अर्धा लॅथ्रोपबाईंच्या हातात दिला. "खा. हिंमत सोडू नको, पोरी. तुझीही पाळी येईल. वेरोन्का, या मुलीशी नीट वाग हो. वाट बघणं फार वाईट."

"वागते, ताता," रोनी म्हणाली.

तेव्हापासून दर नाताळला स्क्रॅन्टनहून खसखस भरलेले दोन गोड पाव यायचे, एक वेरोन्काला आणि एक त्या बिचाऱ्या ऑगस्टाला. लॅथ्रोपबाई त्यातला तुकडाही कुणाला देत नसत. मी एकदा मागून पाहिला, नाही मिळाला.

दिवस पालटले. रोनीला मालिका मिळाली, तिची मिसेस हॅलोरन झाली. लॅथ्रोपबाईंची नाटकं एकेक करून बंद पडली. पुढे पुढे त्यांचा फोन वाजेनासा झाला. म्हातारा आता पुरता आंधळा झाला होता. रोज दुपारी टीव्हीजवळ खुर्ची ओढून लेकीचा आवाज ऐकायचा आणि रविवारी फोनवर न चुकता विचारायचा, "त्या ऑगस्टाला मिळालं का गं काही?" रोनी म्हणायची, "नाही, ताता. अजून नाही."

मग एके दिवशी रोनीची कंबर धरली. डॉक्टरांनी महिनाभर उठू नको म्हणून सांगितलं म्हणे. कंबर कसली! त्याच संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघराची फरशी तिने ओणवं होऊन पुसली. मालिकेच्या निर्मात्याला मात्र तिने विव्हळत फोन केला आणि आपल्या जागी कुणाला घ्यायचं, तेही सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी रोनीच्या घरी टीव्हीसमोर बसलो. सुरुवातीलाच निवेदकाचा आवाज आला, "आज मिसेस हॅलोरन यांच्या भूमिकेत, व्हेरोनिका स्टासियाक यांच्याऐवजी, ऑगस्टा लॅथ्रोप."

मालिका संपली आणि फोन वाजला. म्हातारा इतक्या मोठ्याने ओरडत होता की मला पलीकडच्या खुर्चीत ऐकू आलं.

"वेरोन्का! ऐकलंस का? तुझी कंबर राहू दे बाजूला! त्या पोरीची पाळी आली! मी म्हटलं होतं तिला, येईल म्हणून! आणि किती छान बोलली गं! सांग तिला, म्हाताऱ्याने ऐकलं म्हणून सांग."

"सांगते, ताता," रोनी म्हणाली, आणि फोन कानाला धरूनच रडत बसली.