प्रेमिलाच्या चुलीवरचं बाळंतपण

जरीपटक्याच्या बाजारामागच्या वस्तीत प्रेमिला गजभियेला नुसतं नावानं कोणी ओळखत नाही. 'रोटीवाली प्रेमिला' म्हटलं की शेंबडं पोरगंसुद्धा बोट धरून घरापर्यंत आणून सोडतं. लंबी रोटी करावी तर तिनंच. मातीचं मडकं चुलीवर पालथं घालायचं, खाली लाकडं पेटवायची, आणि हातातून ओघळेल इतकं सैल पीठ दोन्ही हातांवर झुलवत झुलवत दुपट्ट्याएवढं करून त्या तापलेल्या मडक्यावर पांघरायचं. बघणाऱ्याला वाटतं, आता फाटलं, आता पडलं. पडत नाही. वस्तीतली किती लग्नं, किती नामकरणं या बाईच्या हातावर पार पडली त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तिचे हात कोपरापर्यंत भाजलेले आहेत आणि मान ताठ आहे. ती ताठ मान कोणी तिला दान दिलेली नाही.

भूमिका तिची एकुलती एक लेक. दिली शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेस्यात. नवा फ्लॅट, लिफ्ट, खाली गाड्यांना जागा. जावई जितेंद्र शांत पोरगा. विहीण कामिनी मात्र सरकारी कचेरीत जन्म घालवलेली, प्रत्येक वाक्य शिक्का मारल्यासारखं बोलणारी. सुनेला सातवा लागला तेव्हाच तिचा फोन आला होता.

"ताई, इकडे दवाखाना चांगला आहे. खोलीत एसी आहे, लिफ्ट आहे."

"लिफ्ट बाळंत होणार हाये का विहीणबाई? पोरगी होणार हाये," प्रेमिलानं ऐकवलं. "पहिलं बाळंतपण माहेरचं असते. आमच्या घरी खायले काही कमी नाही."

मग कामिनी म्हणाली, "बरं. मग तुमच्या जबाबदारीवर."

ते वाक्य प्रेमिलाच्या कानात काट्यासारखं रुतून बसलं. पुढं जे झालं ते सगळं त्या काट्याभोवती झालं.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात सुखरूप झालं. मुलगा. आई ठणठणीत, बाळ ठणठणीत. घरी सोडताना सिस्टर म्हणाली, "बीपी थोडा वर आहे. दोन-तीन दिवसांनी दाखवून जा. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं तर वाट बघू नका, लगेच या." प्रेमिलानं मान हलवली. मान हलवायला काय जातं? ओल्या बाळंतिणीला घराबाहेर काढायचं म्हणजे तिला वारं लागणार, एवढं त्या पोरसवदा सिस्टरला कोण शिकवणार!

घरी आल्याबरोबर भूमिकाच्या कानाला स्कार्फ बांधला गेला, खाटेखाली शेगडी आली आणि प्रेमिलाचं स्वयंपाकघर पेटलं.

तिथं काय शिजत नव्हतं? गोडंबी घालून डिंकाचे लाडू. मेथीचे लाडू. अळिवाची खीर. बकरीच्या पायांचं सूप, सकाळपासून मंद आचेवर ठेवलेलं, बोटाला चिकटेल इतकं दाट. गोळाभात, वर जवसाची चटणी. एवढ्यावर भागलं नाही. बाजारातल्या सिंधी दुकानदाराच्या बायकोनं त्यांच्याकडची सुकामेव्याची वडी सांगितली, तीही प्रेमिलानं करून पाहिली. पहिल्यांदा पाक कच्चा राहिला, दुसऱ्यांदा दगड झाला, तिसऱ्यांदा जमली. शेजारच्या बायजाबाईला बोलावून खाऊ घातली आणि विचारलं, "सांग, बेस्यात भेटल का असं?"

"बेस्यात? तिथं तर दूधबी थैलीतलं," बायजाबाई तोंड भरून म्हणाली. मग भूमिकाकडे पाहून तिनं दोन्ही हात गालांना लावले. "काय वं प्रेमिला! पोरीनं अंग धरलं बाप्पा! गाल पाह्य कसे आले."

प्रेमिलाच्या छातीत हवा भरली. हेच तर तिला ऐकायचं होतं. नवव्या महिन्यातसुद्धा जिचं मनगट काडीसारखं होतं, त्या पोरीचा चेहरा आठवड्यात भरला होता. हिरव्या बांगड्या हातात रुतून बसल्या होत्या. बोटातली अंगठी साबण लावूनही निघाली नाही.

"आई, चपलेत पाय जाऊन नाही राहिला," भूमिका म्हणाली.

"मग नवी घेऊ. लहान पाय कोणाले पाह्यजे?"

तिनं पोरीला भिंतीला टेकवून बसवलं, बाळ मांडीवर दिलं, नवऱ्याला, वामनरावाला, फोटो काढायला लावला आणि बेस्याला पाठवून दिला. जितेंद्रनं फोनवर लाल बदामाचं चित्र पाठवलं. कामिनीचं उत्तर संध्याकाळी आलं: 'चेहरा सुजल्यासारखा वाटतो. डॉक्टरांना दाखवलं का?'

प्रेमिलानं फोन खाटेवर आपटला. "जळते. जळते ती बाई! आपल्या घरचं खाणं अंगी लागलं हे पाहवत नाही तिले."

खरं तर त्या एका ओळीत पोरीचा जीव होता. पण ती ओळ विहिणीनं लिहिली होती. तिसऱ्या कोणी लिहिली असती तर प्रेमिलानं दोनदा वाचली असती.

त्याच रात्रीपासून भूमिकाचं डोकं दुखायला लागलं.

प्रेमिला अडाणी बाई नाही, हे इथं सांगितलं पाहिजे. तिच्या सासऱ्यानं देव घरातून काढले ते परत आले नाहीत. ती नवस बोलत नाही, लिंबू बांधत नाही, बुवा दारात आला तर पाण्यालाही विचारत नाही. बायजाबाई मीठ-मिरच्या घेऊन आली, "नजर लागली वं पोरीले, उतरवून टाकतो," म्हणाली, तर प्रेमिलानं तिला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"आमच्या घरी हे धंदे चालत नाहीत. मिरच्या ठेवून जा, भाजीत टाकतो."

सगळं सोडलं होतं तिनं. फक्त एका गोष्टीपुढे ती अजून डोळे मिटून उभी राहायची, आणि ती गोष्ट म्हणजे तिचं स्वतःचं पातेलं. पातेल्यावर तिचा असा विश्वास की कोणा भक्ताचा देवावर नसेल. डोकं दुखतं? खसखशीची खीर, कपाळाला सुंठीचा लेप. झोप येत नाही? जायफळ. दुसऱ्या दिवशी भूमिका बरगडीखाली हात दाबून वाकली, तेव्हा प्रेमिलानं ओवा-हिंगाचं पाणी उकळलं आणि लाडू जड झाले असतील म्हणून त्यातलं तूप कमी केलं.

"आई, हा ग्यास नाही वाटत मले. आणि डोळ्यांपुढं मधीमधी काजवे चमकून राहिले."

"अशक्तपणा हाये. डोळे मीट अन् पडून राह्य."

"सिस्टर म्हणे का असं झालं तर..."

"सिस्टरनं किती लेकरं काढली? जितेंद्रले काही सांगू नको बरं. ते लगेच गाडी घेऊन येतीन, अन् ते बाई म्हणन, पाह्यलं, माहेरी सांभाळता नाही आलं."

वामनराव ई-रिक्षा चालवतो. कमी बोलणारा माणूस. सवारीशी बोलत नाही, बायकोशी त्याहून कमी. पण त्या दिवशी जेवता जेवता तो थांबला.

"मी काय म्हणतो, दाखवून आणू का वं? रिक्षा दारातच हाये."

"तुम्ही रिक्षा चालवा. डॉक्टर नका बनू."

त्यानं घास गिळला आणि ताट सरकवून उठला. पायाचं सूप त्या दिवशी तसंच उरलं. त्यावर थंड तुपाची पांढरी साय धरली. घरात चूल, गॅस, शेगडी, तिन्ही पेटलेली होती आणि तरी वामनरावाला वाटत होतं की या घरात काहीतरी थंड पडत चाललं आहे.

रविवारी नामकरण ठरलं होतं. बेस्याची मंडळी दुपारी जेवायला येणार. प्रेमिलानं पहाटेच पीठ भिजवून ठेवलं, मागच्या अंगणात मडकं लावलं. आज ती कामिनीला अशी रोटी वाढणार होती की बाईचं तोंड कायमचं बंद व्हावं. चूल पेटेपर्यंत भूमिकाच्या पायांना तेल लावून घेऊ म्हणून ती आत आली.

पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. प्रेमिलानं तिचा पाय मांडीवर घेतला, तेल ओतलं, नडगीवरून अंगठा दाबत खाली आणला आणि थांबली.

अंगठा उचलला होता, पण अंगठ्याचा खड्डा तिथंच होता.

तिनं पुन्हा दाबलं. दुसरा खड्डा. दोन्ही तसेच, तेलानं चमकणारे, जणू कोणी ओल्या मातीत बोटं रोवून निघून गेलं होतं. सैल पिठात बोट घातलं की खड्डा आपोआप भरून येतो. नाही भरला तर पीठ बिघडलेलं असतं, ती रोटी हातावरच फाटते. हे तिला डोळे बांधूनही कळलं असतं. हातात आता पोरीचा पाय होता आणि खड्डा भरून येत नव्हता.

अंग धरलं नव्हतं पोरीनं. अंगात पाणी भरलं होतं.

दारात वामनराव उभा होता. त्यानंही पाहिलं. "चल," तो म्हणाला. "आत्ता."

आणि इथं प्रेमिलानं ती चूक केली जी तिला मरेपर्यंत सोडणार नाही. तिला सगळं कळलं होतं. कळूनही ती म्हणाली, "बारापर्यंत ते येतीन. घराले कुलूप पाहून काय म्हणतीन? दोन तासांचं काम हाये. त्याईले जेवू घालतो, वाटेले लावतो, मग नेऊ. गुपचूप नेऊ."

"अवं, पण पाय पाह्य तिचे..."

"पाह्यले! आंधळी नाही मी!"

ती अंगणात गेली. चूल धगधगत होती. पहिली रोटी तिनं हातावर घेतली, झुलवली, मडक्यावर टाकली. सुंदर पडली. दुसरी त्याहून सुंदर. तिसरी हातावर असताना आतून भूमिकाचा आवाज आला. घाबरलेला नव्हता. लहानपणी विचारायची तसा, साधा.

"आई, खिडकी काहून लावली वं? काही दिसून नाही राहिलं."

खिडकी सताड उघडी होती. ऊन खाटेवर पडलं होतं.

पीठ प्रेमिलाच्या हातावरून सरळ चुलीत गेलं.

त्यानंतरचं तिला नीट आठवत नाही. वामनरावानं पोरीला उचललं, बायजाबाई बाळ घेऊन मागं बसली, रिक्षा गल्लीतून निघाली. बाजाराचा रविवार. हातगाड्या, मोटारसायकली, मधेच उभी असलेली मालाची गाडी. वामनराव, जो कधी मोठ्यानं बोलला नाही, तो ओरडत होता, शिव्या देत होता. चौकाच्या अलीकडे भूमिकाचं शरीर एकदम ताठ झालं. डोळे वर गेले, दातखीळ बसली, आणि मग ते सुजलेले हातपाय आपटायला लागले.

"फेपरं वं! कांदा, चप्पल, काही तरी हुंगव तिले!" बायजाबाई किंचाळली.

"हात नको लावू तिले!" प्रेमिलानं पोरीला कुशीवर वळवून धरून ठेवलं. तिच्या हातांना इतकंच येत होतं, धरून ठेवणं. बांगड्या फुटल्या. रिक्षात आता फक्त घशाची घरघर ऐकू येत होती.

दवाखान्यात भूमिकाला आत नेलं आणि दार बंद झालं. बेस्याची मंडळी कुलूप पाहून, शेजाऱ्यांना विचारून तिथंच आली. जितेंद्र धावत दारापर्यंत गेला आणि अडवला गेला. कामिनीनं काठाची साडी नेसली होती, हातात बाळाचे नवे कपडे होते. तिनं बायजाबाईकडून बाळ घेतलं आणि प्रेमिलासमोर उभी राहिली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. "सूज कधीपासून आहे? डोकं कधीपासून दुखत होतं? नीट सांगा, त्यावर पुढचं ठरतं."

"आज सकाळीच..." वामनराव घाईनं म्हणाला. विहिणीसमोर तो बायकोला झाकत होता. "आज सकाळीच दिसलं जी."

"खोटं," प्रेमिला म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिचे हात अजून पिठानं भरलेले होते. ते वाळून तडकलं होतं.

"घरी आली तवापासून सूज हाये. मले वाटलं अंग धरून राहिली. डोकं तीन-चार दिवस झाले. काजवे दिसतात म्हणे, पोटात वर दुखते म्हणे. ओवा दिला मी. सिस्टरनं सांगितलं होतं दाखवायले. मी नाही आणली." मग कामिनीकडे न वळताच ती म्हणाली, "हिनंबी लिहिलं होतं. मी नाही ऐकलं. सकाळी पाय पाह्यला, तरी रोट्या टाकत बसली."

डॉक्टरीण पटापट आत वळली. जाता जाता एवढंच बोलली, "खाण्यानं नाही झालं हे, मावशी. उशीर झाला. झटके थांबवायचं इंजेक्शन चालू आहे. आत्ता काही सांगता येत नाही."

दार पुन्हा बंद झालं. जितेंद्र भिंतीला टेकून खाली बसला. वामनराव रिक्षा हलवायच्या निमित्तानं बाहेर गेला तो लवकर आला नाही.

बाळ भुकेनं रडायला लागलं. अजून नाव नसलेलं ते पोर, सकाळपासून उपाशी. कामिनीनं छातीशी धरलं, हलवलं, खांद्यावर घेतलं, पण ते थांबेना. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काय करावं हे माहीत नसल्याची भीती आली. तिनं प्रेमिलाकडे पाहिलं, जसं अख्खी वस्ती पाहत आली होती. कोणाले भूक लागली तर प्रेमिलाले इचारा, असं वस्तीत म्हणत.

"ताई, बोटावर थोडं साखरेचं पाणी देऊ का? की मध आणवू? तुम्हाला माहीत असेल."

प्रेमिलाचा हात सवयीनं पुढं झाला. करंगळी बाळाच्या ओठांपर्यंत गेली, बाळानं अधाशासारखी तोंडात घेतली. बोटाला धुराचा, तेलाचा, पिठाचा वास होता. तिनं बोट झटकन ओढून घेतलं आणि हात पदरात लपवला.

"मले काही माहीत नाही, विहीणबाई," ती म्हणाली. "आधी सिस्टरले इचारा."

कामिनी बाळाला घेऊन लगबगीनं वॉर्डाकडे गेली. रडणं दूर दूर जात कोपऱ्यावर वळलं. प्रेमिला त्या बंद दारासमोर उभी राहिली. आत कोणीतरी मोठ्यानं भूमिकाला नावानं हाक मारत होतं. एकदा, मग पुन्हा, मग आणखी मोठ्यानं. प्रेमिला दाराला कान लावून त्या हाकेचं उत्तर ऐकू येण्याची वाट पाहत होती.