खाडीच्या नकाशातली नावं

खाडीकाठच्या कांदळवनाचा नकाशा करायची नोकरी मला लागली, तेव्हा ती नातेवाइकांना समजावून सांगणं बाबांना जड गेलं. आमचा पांढुर्ण्याजवळ संत्र्याचा बगीचा. सौंसरचे मामा आले की विचारायचे, "पोरगी काय करून राहिली तिकडं?"

"समुंदरापाशी झाडं मोजून राहिली," बाबा म्हणायचे.

"झाडं तं इथंबी हायेत."

मी नेमकं काय करते, हे बाबांनाही कळेना. म्हणून त्या हिवाळ्यात बगीच्यातली संत्री उतरवून झाल्यावर ते स्वतःच बघायला आले. सोबत पोतंभर संत्री, आणि आईनं बांधून दिलेल्या ज्वारीच्या भाकरी, ज्या वाटेतच कडक झाल्या होत्या.

समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. ओहोटीच्या वेळी मी त्यांना किनाऱ्यावर नेलं. त्यांनी चपला काढून ओल्या वाळूत पाय ठेवले. मग हळूच म्हणाले, "एवढं पानी मागं सरते, तं जाते कुठं?" मी चंद्राचं वगैरे सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण पटलं नसावं.

माझं काम खाडीत होतं. ड्रोनच्या फोटोत सगळं कांदळवन सारखंच हिरवं दिसतं. त्यातली तिवराची झाडं कुठं, चिपीची कुठं, झाडं जगतायत की मरतायत, हे बघायला चिखलात उतरावंच लागतं. एका काठाला कोळंबीच्या तळ्यांसाठी बांध घातले होते. भरतीचं पाणी आत पोचेनासं झालं आणि तिथली झाडं उभ्या उभ्या वाळली. तसंच समोरच्या काठाला होऊ नये म्हणून आम्हाला तो काठ नोंदवायचा होता. पण तिथलं गाव आम्हाला पाय ठेवू देईना.

शेवटी शाळेच्या व्हरांड्यात सगळे जमले. घरी एकटे कशाला बसतील म्हणून मी बाबांनाही नेलं होतं. मी कांदळवन वादळाचा मार कसा झेलतं, मासळी तिथंच कशी वाढते, हे सगळं सांगितलं. मग खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणारी एक म्हातारी म्हणाली, "जाग्याचो नकाशो झालो की जागो गेलो."

तिचं सगळंच खोटं नव्हतं; मोजणी झाली की मागून जमीन घेणारे येतात, हे मलाही ठाऊक होतं. मी नकाशाचा कागद गुंडाळू लागले. तेवढ्यात तिचं लक्ष बाबांकडे गेलं. "तुमच्या गावाक नदी आसा?" तिनं विचारलं.

"हाय ना. जाम नदी," बाबा म्हणाले. आणि मग, घरी मोजकंच बोलणारा हा माणूस बोलतच राहिला. पांढुर्णा आणि सावरगावच्या मधून ती वाहते. त्यांच्या तरुणपणी उन्हाळ्यातही तिला डोह असायचे. घोड्याचा डोह, आंब्याखालचा डोह, बायांचा डोह. मरळ मासळी मिळायची, पाणकावळे पंख पसरून बसायचे. मग संत्र्यासाठी विहिरी खोल झाल्या, मग बोअरवेल आल्या. डोह गाळानं भरले. आता दोन्ही गावं काठांवरून एकमेकांवर दगड मारतात तो गोटमारीचा दिवस सोडला तर नदीकडे कोणी बघत नाही.

"बगीचा माह्याही हाय," ते म्हणाले. "पानी आमीच ओढलं. पण डोह कुठं होते, हे कोठंच लिहून नाही. पोरांले सांगतो तं त्यायले गोष्ट वाटते."

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याच नदीकाठी मी वाढले होते आणि डोहांची ती नावं पहिल्यांदाच ऐकत होते.

वऱ्हाडी तिथं कोणाला किती कळली, सांगता येत नाही. पण म्हातारी उठून माझ्याजवळ आली. "माका दाखव तुझो नकाशो." मी कागद पसरला. तिनं एका निळ्या रेघेवर बोट ठेवलं. त्या ओहोळाला आमच्याकडे नाव नव्हतं. तिनं ते सांगितलं. मागून एकानं तिला दुरुस्त केलं, दोघांचं जुंपलं, आणि मग बाकीचेही वाकून बघू लागले. दिवस कलेपर्यंत कागद नावांनी भरला होता. पाणमांजरं बसतात तो खडक, खेकडे सापडतात ती वळणं, तिसऱ्यांचे पट्टे. त्यांची अट एकच होती: नकाशाची एक प्रत गावात राहील. आम्ही ती मान्य केली.

पुढं तोच नकाशा दाखवून गावानं नव्या तळ्यांना हरकत घेतली आणि गावाच्या काठाला होणारे बांध थांबले. तळ्यांच्या काठावरचा एक पडीक बांध आम्ही मालकाला राजी करून फोडला. भरती आत आली. वाळलेली झाडं काही परत आली नाहीत, पण पुढच्या पावसाळ्यानंतर चिखलात तिवराची रोपं दिसू लागली. मी फोटो पाठवला. आई सांगायची, बाबांनी तो बगीच्यात काम करणाऱ्या सगळ्यांना दाखवला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा वारले. आता होडी त्या काठाला वळली की मला ते त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशीसारखे आठवतात, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून होडीत पुढं बसलेले. म्हातारी त्यांना ओहोळांची नावं सांगतेय, ते ती अडखळत, चुकत म्हणून बघतायत, आणि दोघंही हातातलं संत्रं सोलून खातायत.