सोयाबीनची पक्की खोली

त्या दुपारी मी अंगणात मोटारसायकल पुसत होतो. लांबून ट्रक यावा तसा आवाज आला, पायाखालची जमीन हलली आणि घरात माती सांडल्याचं ऐकू आलं. आत आई झोपली होती.

आमचं घर दगडमातीचं, वर लाकूड-मातीचं जड माळवद. मी आत शिरलो तर नुसता धुरळा. तो बसला तेव्हा दिसलं, भिंतीतला एक दगड निसटून तिच्या उशीपासून वीतभर अंतरावर पडला होता. आई उठून बसली होती. केसांत पांढरी माती. म्हणाली, "सोयाबीन बघ आधी."

सोयाबीनला काय होणार होतं? मागच्या मोठ्या भूकंपानंतर सरकारी मदतीतून घराला लागून सळई-सिमेंटची एक खोली बांधली होती, वर पत्रा. पुन्हा जमीन हलली तर माणसं जगावीत म्हणून. गावात अशा खोल्या घरोघर आहेत आणि त्यांत खत, पेंड, धान्य आहे. माणसं दगडाखाली झोपतात. आमच्या खोलीत पोती मीच रचली होती. तालुक्याला वाशीच्या बाजारात भाव चढेपर्यंत राहू देत म्हणून. त्या पत्र्याखाली उकडतं, असं आई एकदा म्हणाली होती. पंखा लावून देण्याऐवजी मी तिचं तेवढं वाक्य धरून ठेवलं. मला ते सोयीचं होतं.

शेजारचा चुलतभाऊ डोकावला. "दादा, माल शाबूत हाय ना? मग झालं. काकूला माळवद सोसतंय."

तो हसला. त्याच्या कानाखाली द्यावी असं वाटलं. पण त्याच्याही पक्क्या खोलीत युरियाच होता, आणि मी कोणत्या तोंडानं हात उगारणार होतो? तेवढ्यात त्याच्या मोबाइलवर बातमी वाजली. मध्यम धक्का, कुठेही हानी नाही. मी मोबाइल बंद करायला लावला.

मग पोती ओढून अंगणात टाकायला लागलो. एक फाटलं, दाणे मातीत सांडले. आई उंबऱ्यावर येऊन बसली.

"आभाळ भरलंय. भिजंल की रं."

"भिजू दे."

"एवढं वर्सभर सांबाळलं..."

"तू गप बस," मी ओरडलो. राग तिच्यावर नव्हता, पण तो तिच्यावरच निघाला. घरात माझा राग कायम असाच निघत आला आहे.

अंधार पडायच्या आत तिची बाज पक्क्या खोलीत टाकली. पत्रा दिवसभराचा तापलेला होता आणि पंखा अजून आणायचा होता. बघता बघता तिचं लुगडं घामानं पाठीला चिकटलं.

"उकडतंय का?" मी विचारलं. आवाज अजून चढलेलाच होता.

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"न्हाय," ती म्हणाली. "गार हाय."