आईच्या नावाला लाल कंस

आईच्या घराचा उतारा काढायला मी गेले ती भीतीपोटीच. नवरा बोटीवर खलाशी म्हनून गेला तो आठ महिने फोन उचलत न्हाय, आनि दीर म्हनाला, "वैनी, शिमग्याच्या आत खोली मोकळी करा, मला लगीन करायचं हाय." सासू तांदूळ निवडत व्हती, तिनं वर पन बघितलं न्हाय. माझी लेक दीड वर्षाची. तिला घेऊन कुठं जानार? मंग आठवलं, माहेरचं घर बंद हाय. मी लहान असतानाच वडील गेले, आई गेली त्याला दोन वर्षं झाली, तवापासून दाराला कुलूप. मी एकुलती, घर माझंच की. शेजारीन म्हनाली, "नुसतं वाटून काय होतंय? ग्रामपंचायतीतून असेसमेंटचा उतारा आन. घरपट्टी ज्याच्या नावानं, घर त्याचं."

लेकीला कडेवर घेतलं, बोर्लीची एसटी पकडली, तिथनं माहेरच्या गावापर्यंत चालत. पंचायतीतल्या क्लार्कनं विचारलं, "घर नंबर?" मला कुठला माहीत? चौकटीवरची पत्र्याची पट्टी कधीच गंजून पडली. "मंग शोधा तुम्हीच," म्हनून त्यानं रजिस्टर पुढं ढकललं.

माझी शाळा सातवीपर्यंत, बोट ठेवून ठेवून वाचत गेले. मंग ध्यानात आलं, रजिस्टर आमच्या आळीच्या वाटेनंच चाललंय. पहिलं देवळापाशलं घर, मंग विहिरीवरलं, मंग ज्यांच्या पडवीत आम्ही लपाछपी खेळायचो ते. म्हनलं, आता पान उलटलं की आई. लेक पदर ओढत व्हती. आई भेटली. तिच्या नावाला लाल शाईचा कंस, आनि खाली काकाचं नाव.

"कंस म्हंजे काय, भाऊ?"

"नाव कमी झालं, ताई."

"मेली म्हनून?"

"न्हाय हो, त्याच्या आधीच. तुम्ही दोघींनी हक्क सोडलाय ना."

"मी? मी कधी सोडला?"

त्यानं फाईल काढली. स्टँप पेपर. आईचा अंगठा, खाली माझी सही, शाळेत शिकवली तशी अख्ख्या नावाची, आनि सहीशेजारी पिवळा डाग. हळदीचा.

मंग सगळं आठवलं. माझ्या हळदीचा दिवस, कोपरापर्यंत हात माखलेले, आनि काकीनं कागद पुढं केला, त्यावर नवी साडी ठेवलेली. "कर गो बाय सही. आपल्यात पोरी करतातच, काकाचा मान ऱ्हातो." बायका हसत व्हत्या, एक म्हनाली, "नवऱ्याचं नाव नको घालूस घाईत!" मी पन हसले. मला वाचता येत व्हतं, तरी वाचलं न्हाय. नवरी कागद वाचत बसली तर लोक काय म्हनतील, तेवढीच काळजी. आई काय बोलनार? मांडव काकानंच घातलेला.

क्लार्क आवाज बारीक करून म्हनाला, "ह्याची रजिस्ट्री झालेली दिसत न्हाय, त्याबिगर हक्क सुटत न्हाय. आनि घरपट्टीला नाव म्हंजे मालकी न्हाय, लोक उगाच तसं समजतात. हरकतीचा अर्ज द्या. पुढं कोर्टात जावं लागंल, पन अर्ज तरी द्या."

मी पेन मागत व्हते, तवर काका दारात. कोनी सांगितलं देव जाने.

"घरी न येता हिकडं आलीस?"

"काका, मला ऱ्हायला जागा न्हाय."

"त्या घरात साप हायत. पोर घेऊन साप पाळनार काय?"

"साप चालतील, काका."

क्लार्कला हसू फुटलं. काकाला न्हाय.

"मुंबईची पार्टी घर बघून गेलीय. अर्ज दिलास तर माहेर तुटलं समज. दुसऱ्या बाळंतपनाला कुठं येशील मंग?"

"त्याला आधी नवरा पायजे," तोंडातून निघून गेलं, आनि मलाच रडू आलं. काका तसेच वळले, लेकीकडं बघितलं पन न्हाय. ह्याच मानसाच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितलेली.

अर्ज लिहिला. 'हरकत' तीनदा खोडलं. क्लार्क म्हनाला, "पत्ता ऱ्हायला, ताई."

"कुठला घालू?"

"जिथं नोटीस पोचंल तो."

बंद घराचा घातला तर काका नोटीस घेऊन फाडतील. सासरचा घातला तर दिराच्या हातात पडंल, आनि त्याला कळंल, हिला माहेर पन न्हाय, हिला कसं पन हाकला. तिसरा पत्ता मला न्हाय. सासरचा घातला.

नोटीस अजून आलेली न्हाय. पोस्टमनच्या टायमाला मी लेकीला घेऊन पायरीवर बसते, दिराच्या आधी माझा हात पुढं व्हावा म्हनून. सासू आतून विचारते, "कोनाची वाट बघतेस? नवऱ्याची?"

मी म्हनते, "व्हय."